दोघांचा स्वयंपाक: पैसे नेमके कुठे जातात

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. नाशिकला अंबडच्या कंपनीत कामाला आहात, शिफ्ट बदलती. सिडकोत मित्रासोबत खोली. दोघांच्या जेवणाला महिन्याला सहा हजार, त्यापुढे ताणता येत नाही. मेस महाग पडते म्हणून शेगडी घेतली, दोन महिने घरी करून पाहिलं, तरी खर्च जिथे होता तिथेच राहिला. फ्रिज नाही. म्हणून सोपे, स्वस्तातले पदार्थ हवेत, आणि रविवारी चिकन बसेल का तेही विचारलंय.

मी सिडकोत बरीच वर्षं डबे देते. डबे घेणारी बहुतेक मुलं अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली, कुणी धुळ्याकडची, कुणी नंदुरबारची, कुणी पेठ-सुरगाण्याची. त्यातली काही पुढे स्वतः रांधायला लागतात आणि दारात उभं राहून मला हेच विचारतात. पदार्थ सांगतेच, पण आधी तुम्हीच लिहिलेली एक ओळ पुन्हा वाचा: ‘भाजी आणतो पण निम्मी टाकावी लागते, आणि रात्री आल्यावर करायचं त्राण नसतं.’ तुमचे पैसे इथून जातात. पिठलं स्वस्त की उसळ स्वस्त, यात महिन्याला फार तर शे-दोनशेचा फरक पडेल. पण सेकंड शिफ्ट संपवून साडेअकराला खोलीवर आलात आणि घरात भिजवलेलं, मळलेलं, चिरलेलं काहीच नसलं, की दोघं उठून चायनीजच्या गाडीवर जाणार. घरात आणलेलं सामान तसंच पडून राहणार, बाहेरचंही बिल होणार. एका जेवणाचा खर्च दोनदा. आठवड्यात तीन-चार वेळा असं झालं की सहा हजार पुरणारच नाहीत, मग भाव कितीही उतरोत.

सहा हजारांत दोघांचं घरचं जेवण बसतं. मात्र काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. कंपनीत कॅन्टीन असेल तर एक वेळचं तिथेच जेवा. सवलतीचं जेवण सोडून घरून डबा नेण्यात काही मिळत नाही. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या असतील तर एकाने रांधायचं आणि दुसऱ्याने आयतं खायचं असं न करता, जो घरात असेल त्याने पुढच्याची तयारी करून ठेवायची, असं वाटून घ्या. भावाचे आकडे मी देत नाही, आज लिहिलेला भाव पुढच्या महिन्यात चालत नाही. वजनं देते, ती बदलत नाहीत.

महिन्याच्या सामानाची सुरुवात धान्यापासून करायची आणि भाजी सगळ्यात शेवटी धरायची. बरेच जण उलटं करतात. आधी भाजी घेतात, मग तिच्याबरोबर काय खायचं ते ठरवतात. दोघा तरुण माणसांना महिन्याला १२ किलो गहू, ३ किलो बाजरी किंवा ज्वारी, ६ किलो तांदूळ, सगळ्या मिळून ३ किलो डाळी, २ किलो कडधान्य, १ किलो बेसन, १ किलो शेंगदाणे आणि दीड लिटर तेल लागतं. अंगमेहनतीचं काम असेल तर गहू आणखी दोन-तीन किलो धरा. एक किलो कणकेच्या पंचवीस ते तीस पोळ्या होतात, त्यावरून तुमचा हिशोब तुम्हीच लावू शकाल. गहू किराण्यातून घेऊन गिरणीत दळून आणा, पाकिटातल्या आट्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतो आणि पोळीही मऊ राहते. फक्त एका वेळी पाच-सहा किलोच दळा. वर्षाचं धान्य भरायच्या मोहात भाड्याच्या खोलीत पडू नका. पावसाळ्यात ओल येते, गव्हात टोके होतात, बाजरीचं पीठ तर पंधरा दिवसांत कडवट लागायला लागतं. शेंगदाण्यांवर बुरशी दिसली तर निवडून वापरायचे नाहीत, टाकून द्यायचे. ती बुरशी विषारी असते.

रेशनचं विचारलं नाहीत, पण ते मी प्रत्येकाला सांगते. गावाकडे घरच्या रेशनकार्डावर तुमचं नाव असेल, कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर तुमच्या वाट्याचं महिन्याला ५ किलो धान्य नाशिकच्या रेशन दुकानातही अंगठा लावून उचलता येतं. कार्ड इकडे बदलून आणावं लागत नाही. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. मात्र इथे उचललं तेवढं गावाकडच्यांच्या कोट्यातून वजा होतं, म्हणून आधी घरी फोन करून विचारा. आई-वडील त्याच धान्यावर असतील तर ते त्यांच्याकडेच राहू द्या.

डाळींचं जरा नीट सांगते, कारण कमी पैशांत पोट भरण्याबरोबर ताकद टिकवायची असेल तर सगळा भार त्यांच्यावर आहे. शंभर ग्रॅम डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. दोघांना रोज एक वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम कोरडी डाळ शिजलीच पाहिजे. वरचे तीन किलो तिथूनच आले. आपल्याकडे वरण म्हणजे तूर असं डोक्यात बसलेलं असतं, आणि तूरच बहुतेक वेळा सगळ्यात महाग असते. तूर एक किलो घ्या, बाकी मसूर, मूग आणि हरभरा. तूर आणि मसूर निम्मी-निम्मी घातली तर वरणाच्या चवीत फारसा फरक कळत नाही आणि शिजतंही लवकर. पोळी-वरण, भाकरी-उसळ, खिचडी या जोड्या उगाच पडलेल्या नाहीत. धान्यात जे प्रथिन अपुरं असतं ते डाळीत असतं आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढतं. सोयाबीनच्या वड्याही आणून ठेवा. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून रश्श्यात टाकल्या तर पाव किलो पाकीट दोघांना चार-पाच वेळा पुरतं.

डाळ शिजत नाही अशी तक्रार मुलं करतात आणि गॅस जाळत बसतात. अर्धा तास आधी भिजवा. महापालिकेच्या नळाचं पाणी वापरा, बोअरच्या जड पाण्यात डाळ बोटचेपी होत नाही. टोमॅटो किंवा चिंच डाळ शिजल्यावर घाला, आंबटाने ती टणक राहते. सोडा घालू नका, त्याने डाळ शिजते पण तिच्यातलं ब जीवनसत्त्व जातं. कुकरमध्ये दोन डबे घ्या, खाली डाळ, वर भात, डाळीच्या डब्यात बाजूला दोन बटाटे. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच मिनिटं, मग बंद. एवढ्या आचेवर वरण, भात आणि भाजीचा बटाटा तिन्ही होतात. गॅसजोडणी अजून घेतली नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, म्हणून कुकरचा वापर तुमच्याकडे आणखी महत्त्वाचा.

आता भाजी. नाशिकमध्ये राहून भाजी महाग पडत असेल तर घेण्याची पद्धत बदलायला हवी. पंचवटीतल्या मार्केट यार्डात पालेभाज्यांचे लिलाव संध्याकाळी होतात आणि माल रात्रीतून मुंबईकडे निघतो. ज्या दिवशी आवक जास्त, त्या दिवशी मेथी-कोथिंबिरीची जुडी मातीमोल जाते; चार दिवस पाऊस लागला की तीच जुडी परवडत नाही. म्हणून घरातून ‘मेथी आणायची’ असं ठरवून निघूच नका. ‘एक पालेभाजी आणायची’ एवढंच ठरवा आणि पवननगरच्या बाजारात जी ताजी आणि स्वस्त दिसेल ती घ्या. मेथी नाही तर शेपू, शेपू नाही तर तांदुळजा, पोकळा, कांद्याची पात. मुगाची मूठभर डाळ घालून यातली कुठलीही भाजी होते, फोडणी लसणाची. पितृपक्षात गवार, कारलं, भोपळा यांच्या वाटेला जाऊ नका, त्या पंधरवड्यात त्यांचे भाव चढतातच. थंडीत वांगी, फ्लॉवर, वाटाणा पोटभर खा. बुधवारी सुट्टी असेल तर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जाऊन या, आठवड्याचे टिकाऊ जिन्नस तिथे बरे मिळतात.

फ्रिज नसताना एक नियम पाळा. पालेभाजी आणली त्याच दिवशी, फळभाजी दोन दिवसांत, आणि तिसऱ्या दिवसासाठी भाजी आणायचीच नाही. तिसऱ्या दिवशी उसळ किंवा पिठलं. गिलके, दोडके, भेंडी यांचं पाव-पाव किलो पुरतं. दोन माणसांना अर्धा किलोची भाजी एका वेळी संपत नाही आणि सकाळी आंबलेली असते. विक्रेता किलोचा भाव कमी लावून जास्त गळ्यात घालतो, तिथे घट्ट राहा. टाकलेली भाजी सगळ्यात महाग.

कांद्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तो रोज लागतो आणि आपण लासलगावच्या जिल्ह्यात राहतो. मार्च ते मे महिन्यात निघणारा उन्हाळ कांदा, ज्याला गावठी म्हणतात, तोच साठवणीचा. शेतकरी चाळीत भरून दिवाळीपर्यंत तोच बाजारात आणतात. एप्रिल-मेमध्ये चांगला सुकलेला, मान बारीक आणि बंद असलेला दहा किलो कांदा घेतलात तर पावसाळाभर पुरेल. तो गोणीत किंवा पिशवीत कोंडायचा नाही. पलंगाखाली वर्तमानपत्रावर एकेरी पसरायचा, बटाटे त्याच्याजवळ ठेवायचे नाहीत, आणि आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला काढून आधी वापरायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो तो लाल कांदा मात्र टिकत नाही. त्यात पाणी जास्त, लवकर कोंब फुटतात. तो कितीही स्वस्त मिळाला तरी एका वेळी दोन किलोच घ्या. टोमॅटोचंही तसंच. पिंपळगाव, गिरणारे भागातला माल पावसाळा सरता सरता भरपूर येतो, तेव्हा रोज रस्सा करा. उन्हाळ्यात भाव चढला की चिंच किंवा आमसुलावर भागवा. रश्श्याला आंबटपणा लागतो, तो टोमॅटोचाच हवा असं नाही.

इथवरचं थोडक्यात: धान्य-डाळ महिन्याची, कांदा-बटाटा ऋतू बघून, भाजी दोन दिवसांपुरती. आता रात्रीच्या त्या साडेअकराचं बघू.

माझ्या स्वयंपाकघरात रोज रात्री झोपण्याआधी एक गोष्ट ठरलेली असते, उद्याचं भिजत घालणं. तुम्हीही एवढी एक सवय लावून घ्या, बाकीचं आपोआप रांगेला लागेल. एक वाटी मटकी रात्री भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक दिवस धरा आणि पुरचुंडी डब्यात घालून शेगडीजवळ ठेवा. एका वाटीची अडीच-तीन वाट्या मटकी होते. दोघांची दोन वेळची उसळ. निम्मी मटकी पहिल्या दिवशी कांदा घालून सुकी, उरलेली दुसऱ्या दिवशी काळा मसाला आणि कोरडं खोबरं लावून रश्श्याची. मोडाची मटकी कुकरला लावायचीही गरज नसते, कढईत झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटांत शिजते. मूग, चवळी, हरभरा, वाटाणा असे बदलत राहा. हुलगे मिळाले तर नक्की घ्या. स्वस्त असतात आणि थंडीत त्यांचं गरम माडगं प्यायलं की दिवसभर उभं राहून काम केलेल्या अंगाला बरं वाटतं.

मोड आलेलं कडधान्य घरात असेल तर बाहेर जावंसं वाटत नाही, हे मी मुलांच्या बाबतीत पाहिलंय. ते समोर असतं, वाया जाईल याची टोचणी लागते, आणि पंधरा मिनिटांत होणार हे माहीत असतं.

आणि ज्या दिवशी तेही नसेल त्या दिवसासाठी पिठलं. एक वाटी बेसन साडेतीन वाट्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवून ठेवायचं. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, एक मोठा कांदा. कांदा मऊ झाला की हळद, मीठ, मग बेसनाचं पाणी ओतून ढवळत राहायचं. उकळी आली की झाकण ठेवून बारीक गॅसवर पाच-सहा मिनिटं. बेसन कच्चं राहिलं तर पोटाला त्रास होतो, तेवढी पाच मिनिटं वाचवू नका. याच्या जोडीला खिचडी: दोन भाग तांदूळ, एक भाग मुगाची किंवा मसुराची डाळ, असेल ती भाजी, वरून कच्चं तेल आणि चटणी. हे दोन पदार्थ हातात बसले की रात्री गाडीवर जायचं कारण उरत नाही.

चटणी मात्र घरात कायम हवी. शेंगदाण्याची किंवा लसूण-सुक्या खोबऱ्याची, पाण्याचा थेंब न लावता कुटलेली, फ्रिजशिवाय पंधरा दिवस सहज राहते. पोळीबरोबर खाता येते, आणि दोन चमचे फोडणीत टाकून पाणी घातलं तर कालवण तयार. बाजारातल्या मसाल्यांच्या छोट्या पुड्या घेऊ नका. भाजीगणिक वेगळी पुडी घेत गेलात तर महिनाअखेर ती रक्कम तेलाच्या पिशवीएवढी होते. हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग आणि पाव किलो चांगला काळा मसाला. आमच्या डब्यांचा स्वयंपाक बहुतेक एवढ्यावरच चालतो.

पोळ्यांबद्दल माझं मत ऐका. तुम्ही दोघं नवीन आहात, कामावरून थकून येता, आणि पहिल्याच आठवड्यात पोळ्या लाटायला बसता. पोळी हात बसायला वेळ लागतो. वातड होतात, करपतात, मन खट्टू होतं आणि सगळा स्वयंपाकच नकोसा होतो. पहिला महिनाभर पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून नगावर विकत आणा, तेवढा काळ गहूही कमी भरा. डाळ, भात, उसळ, पिठलं तेवढं घरी करा. जेवणात महाग पडते ती विकतची भाजी, तिचा खर्च वाचला तरी पुष्कळ झालं. सुट्टीच्या दिवशी चार-चार पोळ्या लाटून पाहा. दुसऱ्या महिन्यात जमायला लागतील, मग कणीक रात्री न मळता कामावर जायच्या आधी मळा. उन्हाळ्यात मळलेली कणीक बाहेर फार वेळ टिकत नाही, म्हणून त्या दिवसांत पोळ्याच करून फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या बऱ्या. उरल्या तर सकाळी कुस्करून कांद्यावर फोडणी द्या.

भाताच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. उरलेला भात उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. भातात वाढणारे जंतू गरम केल्यावर मरतात, पण त्यांनी तोवर तयार केलेलं विष गरम करूनही जात नाही. उलट्या-जुलाब झाले तर एक दिवसाचा पगार आणि दवाखान्याचा खर्च, दोन्ही जातात. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री उशिरा केलेला भात सकाळी लवकर संपवणं वेगळं. मार्चनंतर मोजून तांदूळ घ्या. दोघांना एका जेवणाला पोळीबरोबर एक वाटी कोरडा तांदूळ पुरतो, नुसता वरण-भात असेल तर दीड. शिजलेल्या वरणालाही हेच लागू. ते सकाळचं दुपारी चालेल, रात्रीचं दुसऱ्या दिवशी नाही.

तुमच्या शिफ्टना हे कसं बसवायचं? फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा सकाळी काही करायला वेळ नसतो. रात्रीच पोळ्या आणि सुकी भाजी डब्यासाठी जास्त करा; बटाटा, गवार, कोबी अशी कोरडी, खोबरं-टोमॅटो न घालता. सेकंडला सगळा मुख्य स्वयंपाक दुपारी बारापर्यंत उरकायचा, आणि रात्रीसाठी बेसन-कांद्याची किंवा मोडाच्या मटकीची तयारी ठेवून निघायचं. नाइट सगळ्यात अवघड, कारण भुकेच्या वेळाच उलट्या होतात. मध्यरात्री चहा-बिस्किटांवर मुलं किती पैसे घालवतात ते बघवत नाही. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ खिशात ठेवा. सकाळी आल्यावर पोहे किंवा दोन-दोन अंडी आणि पोळी खाऊन झोपा. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि फ्रिजशिवाय थंडीत आठवडाभर, उन्हाळ्यात तीन-चार दिवस राहतात. म्हणून ट्रे न घेता सहा-सहाच घ्या. पाण्यात टाकल्यावर जे तरंगेल ते खायचं नाही.

रविवारचं चिकन बसतं. वरचा हिशोब नीट पाळलात तर महिन्यातून चारही रविवार बसेल, नाही तर दोन तरी. दोघांना अर्धा किलो, हाडासकट घ्या. बोनलेस महाग असतं आणि रश्श्याला चव हाडानेच येते. कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट भाजून, लसूण-आल्याबरोबर वाटून घ्या, त्यात काळा मसाला, आणि रस्सा पातळ ठेवा. बाजरीच्या भाकरीबरोबर पातळ रस्साच जास्त जातो आणि अर्ध्या किलोत दोन्ही वेळा भागतात. दुपारचा उरलेला रस्सा संध्याकाळी चांगली खळखळून उकळी आणून मगच घ्या, आणि त्या रात्रीच संपवा. सोमवारसाठी मात्र रविवारी झोपण्याआधी हरभरे भिजत घाला.